पावाच्या टेबलाजवळची बाई

१७ जानेवारी

पहिल्याच दिवशी उशीर! कामाच्या गोठ्यावर एक वासरू बाटली तोंडात धरेना, मग धुकं, मग कॉलेजात गाडी लावायला जागा नाही. वर्गात शिरले तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं. बुटाला शेण होतं. पुसायचं राहून गेलं.

सगळी अठरा-एकोणीसची पोरं. मी पस्तीस वर्षांची! मागच्या बाकाकडं सटकत होते, तर बाई म्हणाल्या, "इकडं पुढं या. पुढच्या खुर्च्या कायम रिकाम्या असतात. आणि वासराच्या वासाची मला सवय आहे." मार्जोरी हॉगन नाव. साठीच्या असतील. आवाज पुरुषी, बूट माझ्याहून जुने.

विषय मानववंशशास्त्र. का घेतला? कारण हा वर्ग वासरांच्या पहाटेच्या दुधानंतर भरतो आणि दुपारच्या दुधाआधी संपतो. दुसरं कारण नाही. इथं तरी खोटं कशाला लिहू.

१९ जानेवारी

आईनं विचारलं, "काय शिकवतात तिथं?"

"माणसं कशी राहतात ते."

"ते बघायला टुलेरीपर्यंत पेट्रोल जाळायचं? इथं काय माकडं राहतात?"

म्हटलं, माकडांचंही शिकवतात. तिनं छातीवर क्रूस काढला आणि मटार सोलायला घेतले.

२ फेब्रुवारी

आज मजा आली. हॉगनबाईंचाच दुसरा वर्ग, हाडांचा. ट्रेमध्ये हाडं मांडलेली. काही प्लास्टिकची, काही खरी. माणसाचं कुठलं, जनावराचं कुठलं, ते वेगळं करायचं. पोरं पुस्तक चाळत बसली. मी एक उचललं आणि म्हटलं, "हे वासराचं. पुढच्या पायाची नळी. तीन महिन्यांच्या आतलं आहे."

"कशावरून?"

"टोक अजून जुळलेलं नाही. आणि मी पुरलीत तसली."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे शिकायला मला चार वर्षं लागली." बस, एवढंच. घरी येईपर्यंत गाडीत एकटीच गाणी म्हणत होते! असं कौतुक मला शेवटचं कधी मिळालं? आठवत नाही. नवऱ्यानं तरी कधी केलं नव्हतं. असो, तो सोडून गेला, बरं झालं.

२० फेब्रुवारी

बाईंनी खोलीवर बोलावलं. मला वाटलं, काहीतरी चुकलं. तर विचारतात, "पुढं विद्यापीठात जायचा विचार केलाय? इथं दोन वर्षं करायची, मग तिकडं थेट तिसऱ्या वर्षाला." मी हसले. त्या थांबून राहिल्या. मग सांगितलंच.

मला एकदा विद्यापीठात जागा मिळाली होती. सतराव्या वर्षी. पत्र आलं होतं घरी, जाड लिफाफा. त्याच महिन्यात बैलानं बाबांना कुंपणाशी दाबलं. पाठीचा कणा गेला. शंभर गाई, घरात दोन बायका. आई म्हणाली, "यंदा थांब." मी थांबले. ते यंदा अजून चाललंय. मधे बाबा काठीवर चालायला लागले, गाई विकल्या, मी दुसऱ्यांच्या गोठ्यावर वासरं पाजायला लागले, बाबा गेले. तरी यंदाच!

दोष कुणाचाच नाही. तेही बाईंना सांगितलं. गाईंना वेळेवर पिळावंच लागतं.

त्यांनी वाळवलेले जर्दाळू पुढं केले. खाल्ले. रडले नाही. बाहेरच्या माणसाला हे पहिल्यांदाच सांगितलं, आणि हलकं वाटतंय.

८ मार्च

मोठं काम दिलंय. एखादा जथा निवडायचा, त्यांच्यात आठवडेच्या आठवडे उभं राहायचं, काम करायचं, बघायचं, विचारायचं, लिहायचं. मी आमच्या पोर्तुगीज लोकांच्या हॉलचं स्वयंपाकघर घेतलं. मेच्या पहिल्या रविवारी आमचा फेश्ता, वर्षाचा मोठा सण. त्या दिवशी दारातून जो येईल तो जेवतो, कोण कुठला विचारायचं नाही. दोन हजार पानं उठतात. सगळ्यांना तेच. खोलगट ताटात पावाचे तुकडे, वर पुदिन्याची काडी, वर मांसाचा उकळता रस्सा आणि कोबी. सोपाश. माझे आजीआजोबा समुद्रापलीकडच्या पोर्तुगीज बेटांवरून आले ते एक ट्रंक आणि ही सोपाश घेऊन.

बाई म्हणाल्या, "आपल्याच माणसांत जाताय, एक धोका आहे. जिथं 'हे तर मला माहीतच आहे' असं वाटेल, तिथं दोनदा विचारा."

वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

१५ मार्च

संमतीचे कागद घेऊन हॉलवर गेले. ज्याच्याशी बोलायचं, त्याची सही हवी. तिउ ओरासिउ भडकले. तिउ म्हणजे काका, पण सख्खे नव्हेत. आमच्यात सगळ्याच म्हाताऱ्यांना तिउ म्हणतात. स्वयंपाकघराचा कारभार चाळीस वर्षं त्यांच्याकडं.

"सही? तुझ्या बापाच्या लग्नात मी वाढलंय. तुझ्या बारशाला वाढलंय. आणि आता तू माझी सही मागतेस!"

"नियम आहे, तिउ."

"कुणाचा?"

"कॉलेजचा."

"कॉलेजवाल्यांना सांग, रविवारी जेवायला या. सही आम्ही मागणार नाही."

शेवटी केली. कागदावर कांद्याचा डाग पाडून केली. मग मागं वळून ओरडले, "ए, सगळ्यांनी सह्या करा रे! पोरीला शिकायचंय!" आणि रांग लागली. माझ्या डोळ्यात पाणी आलं. कांद्याचं म्हटलं.

२ एप्रिल

प्रत्येकाला एकच विचारते. दरवर्षी इथं का राबता? आणि प्रत्येकाचा नवस निघतो! लुर्देशचा नातीच्या कानासाठी. आमारुचा भावासाठी. तो युद्धावर गेला होता, परत आला. तिउ ओरासिउ तीन दिवस टाळत होते. आज कोबी चिरता चिरता म्हणाले, "गाईसाठी."

"गाईसाठी?"

"हसू नकोस. चांगली गाय होती."

एक गोष्ट सगळेच सांगतात. नवस पुरा होईपर्यंत कुणाला सांगायचा नाही. सांगितला की गेला. म्हणून मला मिळतात ते सगळे फिटलेले. फिटला तरी बहुतेक जण येतच राहतात. सवयीनं म्हणा, उपकार मानून म्हणा. न फिटलेल्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

७ मे

फेश्ता! पाय सुजलेत. वही कोबीच्या पाण्यात पडली, गाडीत काचेखाली उन्हात वाळवली. अक्षर फुटलंय, पण वाचता येतं.

आई नेहमीसारखी पावाच्या टेबलाशी. स्वतःची सुरी घरून आणते, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. मी लिहिताना दिसले की खेकसायची, "लिहितेस काय! टोपली उचल!" टोपली उचलली. सकाळपासून शेवटच्या पंगतीपर्यंत ती उभीच असते. फेश्ताला बसून जेवत नाही कधी. सोमवारी घरी, उरलेलं गरम करून खाते. बाबांच्या पाठीसाठी नवस केला होता तिनं. गावाला माहीत आहे.

१८ मे

निबंधाला पैकीच्या पैकी! चव्वेचाळीस पानं, बाईंनी प्रत्येक पानावर काहीतरी लिहिलंय. "हे सुंदर", "हे मला नव्हतं माहीत", "गाईचं वाचून दोनदा हसले". किती वेळ दिला असेल! माझ्या लिहिण्यावर कुणी एवढा वेळ घालवावा, हे मला अजून खरं वाटत नाही.

शेवटच्या पानावर हिरव्या पेन्सिलीनं: "चौदा जणांशी बोललात. पान नऊ, सतरा आणि बावीसवर एक बाई पाव कापताना दिसते. तिला नाव नाही. ती कोण? तिला का नाही विचारलं?"

खोलीवर गेले. म्हटलं, "ती माझी आई. बाबांच्या पाठीसाठी नवस आहे तिचा. सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून—"

"वडील कधी गेले?"

"चार वर्षांपूर्वी गेले."

बाईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"मग?" म्हणाल्या.

मी गाडीत येऊन बसले, किल्ली लावली नाही. चार फेश्ते झाले बाबांशिवाय. चारही वेळा मी तिच्या शेजारून टोपल्या उचलल्या! दोन रेघा मारल्या होत्या मी वहीत. दोन.

१९ मे

विचारलं. ती भांडी घासत होती.

"आई, तू फेश्ताला पाव का कापतेस?"

"मग कोण कापणार? तुझी हॉगनबाई?"

"बाबांसाठी होता ना नवस?"

"असं कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

"मग सगळ्यांना विचार." आणि नळ मोठा सोडला.

नळ मोठा सोडला की बोलणं संपलं, हे लहानपणापासूनचं. त्यासाठी मानववंशशास्त्र नको.

२८ ऑगस्ट

दुसरं वर्ष सुरू. गोठ्याच्या मालकांनी माझी दुपारची पाळी तासभर पुढं ढकलली. मी मागितलंही नव्हतं! म्हणाले, "वासरांना घड्याळ कळत नाही." कळतं, चांगलं कळतं. पण मी गप्प बसले.

गाडीच्या सीटवर रोज एक फडकं सापडतं. आत गोड पाव आणि चीज. आई ठेवते. बोलत नाही. शिकण्याबद्दल चांगलंही नाही, वाईटही नाही. मागं एकदा लुर्देशला म्हणताना ऐकलं, "हाडं मोजते म्हणे." एवढंच.

३० नोव्हेंबर

अर्जाचा शेवटचा दिवस. केला! हॉगनबाईंनी माझं स्वतःबद्दलचं पान पाच वेळा वाचलं. पाचव्यांदा म्हणाल्या, "आता याला हात लावलात तर मी तुमचा हात बांधीन." बटण दाबताना शेजारी उभ्या होत्या.

विद्यापीठ समुद्राकडं, साडेतीन तासांवर. आईला सांगितलेलं नाही. कसं सांगू? अठरा वर्षांपूर्वी दोघी होतो आणि बाबा होते. आता मी गेले तर ती आणि कोंबड्या. तिनं पुन्हा "यंदा थांब" म्हटलं तर मी थांबेन. हे मला पक्कं माहीत आहे, आणि त्याचीच भीती वाटते. तिच्या नाही म्हणण्याची नाही, माझ्या हो म्हणण्याची.

६ जानेवारी

सांगितलं. तीन राजांच्या सणाची सुकी अंजिरं खात होतो. एका दमात बोलले.

"किती लांब?"

"साडेतीन तास."

"रस्ता?"

"डोंगरातून."

तिनं अजून एक अंजीर उचललं. मग, "टायर गुळगुळीत झालेत तुझे. बदल."

उठली आणि कोंबड्यांकडं गेली. हो म्हणाली की नाही म्हणाली? कळलं नाही. थांब नाही म्हणाली.

१३ फेब्रुवारी

संख्याशास्त्र! हा एक विषय राहिलाय, तो सुटला नाही तर बाकी सगळं पाण्यात. पहिल्या परीक्षेत दांडी गुल. गाडीत बसून मोठ्यानं शिव्या दिल्या, पोर्तुगीजमध्ये, म्हणजे कुणाला कळल्या नाहीत.

मग अभ्यासाच्या मदत-खोलीत गेले. तिथं मायर नावाची मुलगी आहे, माझ्या निम्म्या वयाची. तीच गोष्ट तीनदा समजावते, आणि चौथ्यांदा विचारलं तर आधी कॉफी आणते. आज म्हणाली, "ताई, वासरं किती पितात ते रोज लिहिता ना तुम्ही? ती वही आणा. त्यावरच करू." दोनशे वासरं, तीन महिन्यांचं दूध. सरासरी, चढउतार, सगळं त्यात! कळायला लागलं.

देव तिचं भलं करो. मी आजकाल फारच जणांचं भलं मागते. यादी लांबत चाललीय.

२१ मार्च

दुसरी परीक्षा. सुटले. चांगली सुटले. मायरला आईचा गोड पाव नेऊन दिला. आईला सांगितलं कुणासाठी हवाय, तर तिनं दोन दिले. "पोरगी वाळकी असेल," म्हणाली. बघितलेली नसताना! आणि खरंच वाळकी आहे.

२३ एप्रिल

घेतलं मला!

गोठ्यात होते. हात दुधानं चिकट. फोन प्लास्टिकच्या पिशवीत असतो, पिशवीवरूनच उघडला. "आनंद होत आहे" एवढं वाचलं आणि पुढचं दिसेना. पुसून पुन्हा वाचलं. वासरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना दूध हवं होतं.

घरी आई कणीक मळत होती. सांगितलं.

"लेखी आहे?"

"हो."

"त्या वेळेसारखं?"

अठरा वर्षांत तिनं पहिल्यांदाच ते काढलं. म्हटलं, "हो. त्या वेळेसारखं."

"दाखव."

इंग्रजी तिला फार वाचता येत नाही. हात पुसले, फोन घेतला, माझ्या नावावरून बोट फिरवलं. मग उलट दिशेनं फिरवलं. म्हणाली, "बाबांचा फोटो पुसायला झालाय." आणि पुन्हा मळायला लागली. एवढंच? मला वाटलं होतं मिठी मारेल, नाहीतर रडेल, निदान भांडेल! मीच आत जाऊन थोडी रडले.

२५ एप्रिल

हॉगनबाईंकडं गेले. आभार मानायचे होते, पाठ करून गेले होते. तोंडून निघालं ते, "खुर्ची पुढची दिलीत तुम्ही." बाकीचं पाठांतर विसरले. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. जाताना हातात कागदात गुंडाळलेलं काही दिलं. तीच वासराची नळी! वर चिठ्ठी बांधली आहे: "ओळखणारी: आदेलिया." इतकी चांगली माणसं मला भेटली, कशी भेटली?

दारात म्हणाल्या, "त्या पावाच्या बाईंचं काही कळलं?"

"नाही."

"घाई नको. तुम्ही आता विचारलंय. त्यांच्याकडं प्रश्न आहे."

३० एप्रिल

आईनं सुरीला नवी चिकटपट्टी लावली. धार लावून घेतली. निळा झगा काढून उन्हात टांगला. तो बाबांच्या अंत्यविधीनंतर घातलाच नव्हता. विचारलं कशाला, तर म्हणाली, "कसर लागते."

५ मे

फेश्ता. हॉलमध्ये पहिली पंगत भरली. वही मुद्दाम घरी ठेवली होती. आतून तिउ ओरासिउंनी आईला हाक दिली, "एतेल्विना! पाव!"

टेबलाशी कुणीच नाही. सुरी तिथं होती, फडक्यावर नीट आडवी ठेवलेली.

आई पंगतीत बसली होती. निळ्या झग्यात, हात मांडीवर, पाहुण्यासारखी. मी धावले. "काय झालं? बरं नाही का?"

"चांगली आहे मी. माझा नवस फिटला."

"बाबांचा?"

"बाबांना डॉक्टर होता. तुला मी थांब म्हटलं ना पोरी, त्याच्या पुढच्या रविवारी बोलले होते. हिला परत बोलावणं येईपर्यंत इथं बसून जेवणार नाही." मग माझ्या हाताला ढकललं. "जा आता. लोक ताटकळलेत."

मी पाव कापला. पहिलं ताट तिच्यापुढं नेऊन ठेवलं. तिनं एक घास खाल्ला, चावला, गिळला.

"जाड कापलास," म्हणाली.